मातीतील नत्राचे गणित

अळणावरच्या स्थानकावर उतरून दांडेलीच्या दिशेस पाहिले म्हणजे अरण्याची कड दिसते. तेच पूर्वेस धारवाडकडे निघाले, की थोड्याच कोसांत झाडी विरळ होते, तांबडी माती मागे पडते आणि पुढे नवलगुंदच्या बाजूस काळ्या रानाचा विस्तार लागतो. पाऊसही त्याच क्रमाने उतरत जातो. इतक्या थोडक्या अंतरात जमीन आणि पाऊस इतके पालटत असता ‘एकरी अमुक पोती युरिया’ हा एकच हिशेब सर्वांना कसा लागू पडावा, असा प्रश्न माझ्या वर्गातील एका शेतकऱ्याच्या मुलाने मला विचारला. मी गणिताचा मास्तर. मला उत्तर देता आले नाही. ते शोधू जाता जो इतिहास हाती लागला, त्यातील काही भाग आज आपणांस सांगावा असे योजिले आहे.

मातीत नत्र पुष्कळ असते. पण त्याचा बहुतेक सर्व भाग कुजलेल्या पालापाचोळ्यात, म्हणजे ह्यूमसमध्ये, बांधलेला असतो. पिकाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. आधी त्याचा अमोनिया व्हावा लागतो, मग नायट्रेट. ही घडामोड निव्वळ रासायनिक नसून सजीवांची आहे, हे 1877 साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखविले. वाळू आणि खडू यांच्या थरातून त्यांनी गटाराचे पाणी पाझरू दिले. काही दिवसांनी खालून नायट्रेट येऊ लागले. मग त्यांनी वरून क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि नायट्रेट बंद! जणू कारखान्यातील सारे कामगार झोपी गेले. हे कामगार म्हणजे जिवाणू, आणि त्यांना वेगळे काढून दाखविण्याचे श्रेय 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्कीला मिळाले.

पण कामगार आहेत एवढे कळून भागत नाही. ते किती वेगाने काम करतात हे कळले पाहिजे. येथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. कोकणात आणि मावळात भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून राब भाजतात. सरकारी अधिकाऱ्यांना हा जंगलाचा नाश वाटे. शेतकरी मात्र राब सोडावयास तयार नसे. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह या प्रश्नाचा अभ्यास करून 1912 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण राखेत आहे की मातीला लागलेल्या आंचेत, हा त्यातील कळीचा मुद्दा. विलायतेत रॉदॅम्स्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 मध्येच दाखविले होते की, माती तापविली म्हणजे नंतर तिच्यात अमोनिया अधिक तयार होतो. आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या कुणब्याची रीत अगदीच निराधार नव्हती, हे मला येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. पुढे 1925 मध्ये सहस्रबुद्धे आणि दाजी यांनी मुंबई इलाख्यातील दख्खनच्या जमिनी आपले नत्र पुन्हा कसे भरून काढतात, यावर निबंध लिहिला.

उन्हात तापलेल्या जमिनीचा नियम स्पष्टपणे मांडला तो बर्च यांनी, पूर्व आफ्रिकेत, 1958 साली. कोरडी माती ओली झाली की ह्यूमस एकाएकी जोराने कुजू लागतो आणि नत्राची एक लाटच उठते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर रान कसे हिरवे उसळते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तोटाही त्याच क्षणी असतो. लाट येते तेव्हा पिकाची मुळे तयार नसतील, तर पुढच्या मुसळधार पावसात ते नायट्रेट वाहून वा झिरपून जाते. आमच्या भागात भाताचे बी पावसापूर्वीच कुरीने कोरड्या मातीत पेरून ठेवतात, त्याचा या लाटेशी काही मेळ असावा असा माझा तर्क आहे; तर्कापलीकडे मी जात नाही.

समीकरणे आली ती हान्स जेनी यांच्याबरोबर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी 1930 मध्ये अमेरिकेतील जमिनींचे आकडे मांडून दाखविले की, सरासरी तपमान दहा अंश सेल्सिअसने उतरले की मातीतील नत्र दुपटी-तिपटीने वाढते. पुढे रायचौधुरी यांच्यासह त्यांनी भारतातील जमिनी तपासल्या. हवामान आणि नांगरट यांचा नत्राच्या साठ्यावर काय परिणाम होतो, हे सांगणारे त्यांचे पुस्तक 1960 मध्ये दिल्लीहून निघाले. जंगल तोडून शेत केले की साठा उतरत जातो. अळणावरहून धारवाडला जाताना आगगाडीच्या खिडकीतून तोच आलेख पसरलेला दिसतो असे मला नेहमी वाटते.

साठा किती हे एक, आणि या हंगामात त्यातून सुटणार किती हे दुसरे. त्याचे उत्तर स्टॅनफर्ड आणि स्मिथ यांनी 1972 मध्ये दिले. त्यांनी 39 जमिनींचे नमुने 35 अंशांवर 30 आठवडे ठेवले, आणि मधून मधून धुऊन सुटलेले नत्र मोजले. आढळले ते असे की, दर आठवड्याला सुटणारे नत्र हे उरलेल्या साठ्याच्या ठरावीक प्रमाणात असते, आणि ते प्रमाण बहुतेक जमिनींत 0.054 च्या आसपास येते. सुटू शकणारे नत्र 100 किलो धरा. पहिल्या आठवड्यात सव्वापाच किलो, मग थोडे कमी, मग आणखी कमी. सुमारे तेरा आठवड्यांत निम्मे. चक्रवाढ व्याजाचे गणित उलटे फिरविले की झाले! दहावीच्या मुलांनाही ते समजते. पण पावसाळ्यात आमची जमीन 35 अंश तापत नाही. दहा अंश उतरले की वेग साधारण अर्धा होतो. म्हणजे निम्मे नत्र सुटावयास सव्वीस आठवडे लागणार. मृगापासून मोजले तर डिसेंबर उजाडतो, आणि तोवर भात खळ्यावर आलेले असते.

1977 मध्ये रॉदॅम्स्टेडच्या जेंकिन्सन आणि रेनर यांनी 1843 पासून चालत आलेल्या प्रयोगांच्या आधारे एकाच साठ्याऐवजी लवकर कुजणारे, सावकाश कुजणारे आणि जवळजवळ न हलणारे असे अनेक कप्पे मानले. पुढची संगणकी प्रतिमाने याच वळणाची आहेत.

आपल्याकडे वाट निराळी पडली. सुब्बय्या आणि असीजा यांनी 1956 मध्ये परमँगनेटची एक झटपट चाचणी सुचविली. हेक्टरी 280 किलोंच्या खाली ‘कमी’, 560 पर्यंत ‘मध्यम’, असे तिचे गट पडतात. राममूर्ती यांनी 1967 मध्ये हवे असलेले उत्पन्न एका आकड्याने गुणून, मातीतील नत्र दुसऱ्या आकड्याने गुणून ते वजा करण्याची रीत दिली. राहुरीच्या कृषि विद्यापीठाने महाराष्ट्रातील पिकांसाठी अशी सूत्रे तयार केली. रीत सोपी आहे, म्हणून ती बांधापर्यंत पोहोचली. मात्र ती चाचणीच्या दिवसाचे छायाचित्र पाहते. नत्र केव्हा सुटणार याविषयी मौन धरते. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका घरोघर आल्या, त्यांतही नत्राचा आकडा एकच.

मी त्या मुलाला फळ्यावर 0.054 चे गणित करून दाखविले. त्याने आपली पत्रिका आणली होती. तिच्यात नत्र ‘कमी’. शेजारच्याच्या पत्रिकेतही ‘कमी’, जरी त्याचे रान परवापरवापर्यंत झाडीत होते. मुलाने फळ्याकडे पाहिले आणि विचारले, “सर, मृगात पाऊस येऊन पंधरा दिवस दडी मारली, तर यात कुठे लिहायचे?” ओलाव्याचा गुणक लावता येतो, हे स्टॅनफर्ड यांनीच 1974 मध्ये दाखविले होते; पण त्यासाठी शेतातील ओल रोज कोणीतरी मोजली पाहिजे. त्या मुलाने यंदा वहीच्या मागच्या पानावर पाऊस पडल्याच्या तारखा लिहावयास आरंभ केला आहे. पहिली ओळ मी त्याला आखून दिली.