चिपाडाला भाव आला, स्पेंटवॉशचे काय?

एक टन ऊस गाळल्यावर हाती येणारी साखर साधारण १०० ते ११५ किलो असते. उरलेल्या जवळपास ९०० किलोंचे पुढे काय होते, हा प्रश्न दुकानातून साखर आणणाऱ्या शहरी ग्राहकाला सहसा पडत नाही. त्यातला मोठा वाटा उसातल्याच पाण्याचा असतो व ते रस आटविताना वाफ होऊन निघते. मात्र २८० ते ३०० किलो बगॅस म्हणजे चिपाड (त्यातही निम्मे पाणीच), ३० ते ४० किलो प्रेसमड म्हणजे रस निवळताना खाली बसणारा गाळ आणि ४० ते ४५ किलो मळी मागे राहते. 'मळी' हा शब्द आपल्याकडे दाट, काळसर मोलॅसिसला आणि प्रेसमडलाही सर्रास वापरला जातो; येथे तो मोलॅसिस याच अर्थाने घ्यावा.

यातले चिपाड एके काळी कारखान्यांची डोकेदुखी होते. कमी दाबाच्या जुन्या बॉयलरमध्ये ते जाळून कारखान्यापुरती वाफ व वीज मिळे. ते शिल्लक राहून ढीग साचू नयेत, म्हणून बॉयलर फार कार्यक्षम नसलेलेच बरे, असाही हिशेब असे. सहवीजनिर्मितीने हे चित्र पालटले. उच्च दाबाचे बॉयलर आले, उरलेली वीज ग्रीडला विकता येऊ लागली आणि चिपाडाचा प्रत्येक टन मोलाचा ठरला. तमिळनाडूत करूरजवळ राज्य सरकारने उभारलेला कागद कारखाना तर १९८०च्या दशकापासून बगॅसचा कागद बनवितो. चिपाडाचा प्रश्न कोणत्याही नोटिशीने सुटला नाही. त्याला गिऱ्हाईक मिळाले, एवढेच.

मळीलाही गिऱ्हाईक आहेच. ती आंबवून डिस्टिलरीत अल्कोहोल काढले जाते. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश तयार होतो. रोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी मध्यम आकाराची डिस्टिलरी घेतली, तरी हा आकडा दिवसाला अडीच ते साडेचार लाख लिटरच्या घरात जातो. हे द्रव गरम, आम्लयुक्त आणि गडद तपकिरी असते. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, हे सांगणारे माप म्हणजे बीओडी. शहराच्या गटारातील सांडपाण्यात ते लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ४० हजारांच्या वर जाते. असे पाणी ओढ्यात उतरले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. कृष्णा व पंचगंगेत मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. त्याला शहरांचे न शुद्ध केलेले मैलापाणीही जबाबदार असते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यामुळे डिस्टिलऱ्यांची सुटका होत नाही.

उपाय नाहीत असे नाही. बंद टाक्यांत जिवाणूंकरवी स्पेंटवॉश कुजवून मिथेनयुक्त वायू मिळविता येतो. त्याने बीओडीचा मोठा भाग कमी होतो, बॉयलरला इंधनही मिळते. मात्र रंग आणि क्षार तसेच राहतात, म्हणून हे पाणी नदीत सोडण्याजोगे होत नाही. पुढचा मार्ग कंपोस्टचा. प्रेसमडच्या लांब राशी घालून त्यांवर हे पाणी टप्प्याटप्प्याने फवारतात, राशी यंत्राने उलथतात आणि दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. पद्धत चांगली आहे. फक्त ती पावसाळ्यात चालत नाही, तिला पाणी न झिरपणारी फरशी लागते आणि पुरेसा प्रेसमड लागतो. कागदावरील प्रकल्प येथेच गळू लागतो. त्यातच २०१८मध्ये केंद्राने दाबित बायोगॅससाठी 'सतत' योजना आणल्यापासून प्रेसमडलाही दुसरा दावेदार उभा राहिला आहे.

केंद्राने २००३ साली अतिप्रदूषणकारी उद्योगांसाठी जी सनद आणली, तिच्यात डिस्टिलऱ्यांनी नद्या-नाल्यांत थेंबही सोडू नये, असे उद्दिष्ट होते. ते पाळण्याचा अधिक खात्रीचा, पण खर्चिक मार्ग म्हणजे स्पेंटवॉश आटवून घट्ट करणे आणि खास बॉयलरमध्ये बगॅस वा कोळशाबरोबर जाळणे. मागे उरते ती राख. उसाने शेतातून उचललेले पालाश मळीतून स्पेंटवॉशमध्ये आणि तेथून या राखेत येते. पालाशयुक्त खतांसाठी भारत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून असताना हे पालाश वर्षानुवर्षे ओढ्यात वाहून जात होते, हे आश्चर्यच म्हणायचे! २०२१मध्ये मळीपासून मिळणाऱ्या या पालाशचा, किमान १४.५ टक्के प्रमाणाच्या अटीवर, खत अनुदान योजनेत समावेश झाला. चिपाडाच्या बाबतीत विजेच्या दराने जे केले, ते राखेच्या बाबतीत हे अनुदान करील, अशी आशा ठेवायला जागा आहे. अर्थात, असा बॉयलर लहान डिस्टिलरीला परवडणे कठीण, आणि चिकट राखेमुळे तो वरचेवर बंद ठेवून साफ करावा लागतो.

दरम्यान डिस्टिलऱ्यांवरील भार वाढला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३०चे उद्दिष्ट अलीकडे आणून २०२५मध्येच गाठण्यात आले. त्यातले काही इथेनॉल धान्यापासून येते; उसापासूनच्या इथेनॉलला मात्र स्पेंटवॉश चिकटलेलाच आहे. गाडीच्या धुरातले प्रदूषण कमी करताना ते एखाद्या गावच्या विहिरीत उतरले, तर हिशेब चुकलाच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४मध्ये अशा उद्योगांना सतत मोजमाप करणारी ऑनलाइन यंत्रणा बसविण्यास सांगितले. नळातून बाहेर पडणारे पाणी ती मोजते, परंतु साठवण तलावाच्या तळातून जे झिरपते, ते कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. ते दिसते शेजारच्या विहिरीत, पाण्याचा रंग बदलल्यावर. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत तलावाभोवतीच्या विहिरींची तपासणी व्हावी, तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, आणि पहिल्या पावसापूर्वी तलावात किती स्पेंटवॉश शिल्लक आहे, हेही त्याच फलकावर लिहिले जावे.