गाडी पाणी का पिते? फियाट, मुंबई आणि हेड गॅस्केट

आपल्याकडे मोटारीचा इतिहास सांगायचा म्हटलं की दोन गोष्टी हमखास येतात. कारखाना कोणी काढला आणि गाडीत कोणकोण बसलं. तिसरी गोष्ट राहून जाते : ती गाडी तीस-चाळीस वर्षं रस्त्यावर चालती कोणी ठेवली आणि कशी? आज आपण या तिसऱ्या गोष्टीकडे एका छोट्या वस्तूच्या आधाराने बघणार आहोत. ती वस्तू म्हणजे हेड गॅस्केट. जाडी जेमतेम एक-दीड मिलिमीटर, पण ते गेलं की टॅक्सी उभी राहते आणि टॅक्सी उभी राहिली की घरातला गॅस पेटत नाही.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन दोन भागांचं असतं. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, त्यात व्हॉल्व्ह आणि प्लग. या दोन्हींच्या सांध्यात गॅस्केट बसतं. त्याच्या एका भोकापलीकडे पेट्रोल जळतंय, दाब हवेच्या तीस-चाळीस पट. शेजारच्या भोकातून थंड करणारं पाणी जातंय. आणखी कुठून तरी ऑइल. ही तिन्ही शेजाऱ्यांची भांडणं एका पातळ चकतीने सांभाळायची.

आता फियाटकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही. ज्यांना टप्प्याटप्प्याने सुटे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनी राहावं. शिवडीला १९२८ पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स तेव्हा गाशा गुंडाळून गेली. प्रीमियर राहिली आणि तिने फियाट ११०० धरून ठेवली. पुढे १९६४ च्या सुमारास ११०० डी आली, सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, आणि थेट शतक संपेपर्यंत ती निघत राहिली.

नाव बदललं, दिवे बदलले, जाळी बदलली. इंजिन मात्र मुळात तेच. १०८९ सीसी, चार सिलिंडर, व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हा आराखडा तुरिनच्या दान्ते जाकोसा यांच्या काळचा, १९३७ च्या फियाट ५०८ सी गाडीतला. म्हणजे आपल्या वडिलांनी नंबर लावून, कित्येक वर्षं वाट बघून घेतलेल्या गाडीचं हृदय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं होतं. यात हसण्यासारखं काही नाही. त्या इंजिनात एक मोठा गुण होता आणि एक मोठी खोड होती, आणि मुंबईच्या मिस्त्रींचं सगळं शास्त्र या दोन्हींच्या मधे उभं राहिलं.

आधी खोड. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. समजा हेड ३५ सेंटीमीटर लांब आहे आणि ते ८० अंशांनी तापलं, तर दोघांच्या लांबीत जवळजवळ एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो. रोज सकाळी आणि रोज रात्री. गॅस्केट त्या ओढाताणीत घासलं जातं. अँबॅसडरचं तसं नव्हतं. तिच्या ब्रिटिश इंजिनात हेडही बिडाचं, वजनाला जड, पण ब्लॉकबरोबर एकाच चालीने पसरणारं. कलकत्त्याच्या अँबॅसडर टॅक्सीच्या आणि मुंबईच्या फियाटच्या मिस्त्रीत फरक पडला तो इथून, असं आमचं मत आहे.

दुसरी भर पडली पाण्याची. आज आपण रेडिएटरमध्ये रंगीत कूलंट घालतो, त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. त्या काळी नळाचं पाणी, नाहीतर बोअरचं. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साठायचे, आणि साध्या पाण्याने ॲल्युमिनियम कुरतडलं जायचं. हेडमधल्या पाण्याच्या भोकांच्या कडा झिजून खड्डे पडायचे. नवं गॅस्केट आणून बसवलं तरी त्या खड्ड्यावर ते टेकणार कशावर?

आणि मग घाट. द्रुतगती मार्ग पूर्ण होण्याआधी, म्हणजे २००२ च्या आधी, मुंबईहून पुण्याला जाणारी प्रत्येक गाडी खोपोलीहून जुन्या बोरघाटानेच चढायची. थोड्या अंतरात सुमारे पाचशे मीटरची चढण, पहिला-दुसरा गिअर, मे महिना, आत सहा माणसं आणि टपावर वळकट्या. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. खरं नुकसान बहुतेकदा त्यानंतरच्या पाच मिनिटांत व्हायचं. उकळत्या इंजिनात कोणीतरी बादलीभर गार पाणी ओतायचं. हेड एका बाजूने आकसायचं, वाकायचं, कधी तडकायचं. गाडी तरीही पुण्याला पोचायची. आठवड्याने मालक तक्रार घेऊन यायचा : गाडी पाणी पिते.

हे वाक्य मिस्त्रीसाठी निदानाची सुरुवात असे, शेवट नव्हे. पाणी कमी होतंय आणि खाली ओघळ नाही, म्हणजे ते आत जातंय. पण कुठे? इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं (गरम असताना कधीच नाही, तोंड भाजलेली पोरं प्रत्येक गॅरेजात होती), गाडी सुरू करायची आणि पाण्याकडे बघत राहायचं. बुडबुडे थांबत नसतील तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय. वरचा होजपाइप गाडी तापायच्या आधीच दगडासारखा कडक लागला तरी तेच. सायलेन्सरमधून पांढरा धूर सकाळी सगळ्याच गाड्या सोडतात. गाडी तापल्यावरही तो राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. कोणत्या? प्लगच्या वायरी एकेक काढून बघायच्या. ज्याची काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरकच पडत नाही तो सिलिंडर मेलेला. प्लग बाहेर काढले की चारांतला एक धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, कारण वाफेने तो रोज धुतला जातोय.

ऑइलचं मात्र फसवं असतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाची साय दिसली की हेड उतरवायला धावणारे मिस्त्री तेव्हाही होते आणि आजही आहेत. पावसाळ्यात गाडी फक्त घर ते स्टेशन चालत असेल तर हवेतला ओलावाच तिथे साठून तशी साय होते, गॅस्केट ठणठणीत असतं. जाणता माणूस झाकणावर थांबत नाही, डिपस्टिक काढतो. खालचं ऑइलच चहाच्या रंगाचं झालं असेल तर मग बोलणं संपलं. आणि एक प्रकार असा की पाणी जात नाही, धूर नाही, ऑइल काळंभोर, तरी गाडीत दम नाही. अशा वेळी कॉम्प्रेशन मोजलं तर दोन शेजारचे सिलिंडर, समजा दोन आणि तीन, दोन्ही खाली लागतात. त्यांच्या मधली गॅस्केटची अरुंद पट्टी जळालेली असते. एकच सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

आता त्या इंजिनाचा गुण. फियाटची कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आहे, ती पुश रॉडने वरचे व्हॉल्व्ह हलवते. त्यामुळे टायमिंगला हात न लावता हेड उतरतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिची कॅमशाफ्ट हेडवर, पट्ट्याने फिरणारी. तिथे हेड काढायचं म्हणजे टायमिंग पुन्हा जुळवणं आलं. फियाटचं हेड फुटपाथवर, चार पान्यांनी उतरत असे. त्यामुळेच तिची दुरुस्ती कारखान्याबाहेर, गल्लीत येऊ शकली.

उतरवण्याचीही रीत होती. इंजिन पूर्ण थंड. नट कडेकडून मधे, थोडेथोडे सैल करायचे. पुश रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवायचे, म्हणजे ज्याचा त्याला परत. हेड चिकटून बसलं तर सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवं गॅस्केट तिथूनच गळणार. जुने मिस्त्री प्लग तसेच ठेवून सेल्फचा एक झटका द्यायचे. रॉकर काढल्यामुळे व्हॉल्व्ह सगळे बंद, पिस्टनने दाबलेली हवाच हेडला आतून उचलते. फार सुंदर युक्ती आहे.

मग खरा प्रश्न येतो, आणि चांगला गॅरेजवाला इथे ओळखू यायचा. गॅस्केट आपणहून क्वचितच जातं. रेडिएटर तुंबला होता का? पंप गळतोय का? फॅन बेल्ट सैल आहे का? हे न बघता नुसतं गॅस्केट बदललं की गाडी महिन्याभरात परत. टॅक्सी भाड्याने चालवणाऱ्याच्या हिशेबात ते दोनदा हेड उतरवण्याचे पैसे आणि चार-पाच दिवस बुडालेली कमाई. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरकी धरायची, खाली फीलर गेज सरकवायचा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट दिसली तरी हेड फेसिंगला जायचं. नवं हेड महाग. कुर्ला ते कालिना सी.एस.टी. रोडवर जुनं मिळायचं, पण तेही वाकलेलं नाही याची खात्री कोण देणार? म्हणून एकच हेड तीन-तीन, चार-चार वेळा फेस केलं जाई. दर वेळी धातू जातो, ज्वलनाची जागा लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं, आणि त्या काळच्या हलक्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागतं. शेवटी शेवटी ते हेड दुरुस्तीनेच मरायचं.

बसवताना उलट क्रम, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. टॉर्क पाना फार थोड्या गॅरेजांत असे. ‘उस्तादचा हात हाच टॉर्क पाना’ या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण ओढून तोडलेले स्टड आणि ब्लॉकमधले गेलेले आटे हाही त्याच हाताचा वारसा आहे. हाताची खरी परीक्षा पुढे होती. तांबं आणि ॲस्बेस्टॉसचं ते गॅस्केट तापून-निवून दबतं. त्यामुळे पाचशे-सातशे किलोमीटरनंतर गाडी परत आणून नट पुन्हा कसायचे आणि टॅपेट पुन्हा लावायचे, कारण हेड किंचित खाली बसल्याने टॅपेटची फट कमी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही की जळतो. टॅक्सीवाल्याला तो अर्धा दिवसही परवडत नसे. बरीच गॅस्केटं दुसऱ्यांदा गेली ती या न झालेल्या अर्ध्या दिवसामुळे.

आणि आता ॲस्बेस्टॉस. जुन्या गॅस्केटच्या पोटात ते होतं. हेड उतरल्यावर ब्लॉकला चिकटलेले तुकडे खरवडण्याचं काम गॅरेजातल्या सर्वांत लहान पोराचं. पत्र्याने खरवडायचं, पॉलिश पेपरने घासायचं, फुंकर मारून साफ करायचं. ती फुंकर आज आठवली की अंगावर काटा येतो. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे आजार वीस-तीस वर्षांनी वर येतात. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांचं आरोग्य हा मूलभूत हक्क मानला आणि कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवायचे आदेश उद्योगांना दिले. पण नोंद ठेवायला आधी हजेरीपटावर नाव लागतं. गॅरेजातल्या त्या पोराचं नाव कोणत्याच पटावर नव्हतं. त्याने किती धूळ ओढली हे सांगणारा कागद आपल्याला कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

पुढचं थोडक्यात. ॲस्बेस्टॉसची जागा ग्रॅफाइटच्या आणि नंतर पोलादाच्या अनेक पातळ थरांच्या गॅस्केटने घेतली. नव्या गाड्यांत नट पुन्हा कसावे लागत नाहीत, पण पोलादी गॅस्केटला आरशासारखा पृष्ठभाग लागतो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड घासणं तिथे चालत नाही. मुंबईत टॅक्सीला आधी सीएनजी आलं, मग वीस वर्षांची वयोमर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. हौशी लोकांकडे ज्या उरल्या आहेत त्यांच्यासाठी गॅस्केट आजही मिळतं. तुमच्यापैकी कोणाकडे तशी गाडी असेल आणि जुन्या साठ्यातलं गॅस्केट निघणार असेल, तर आधी ते पाण्याने भिजवा, ओलं असतानाच काढा, फुंकर मारू नका आणि जवळ लहान पोराला उभं करू नका. नवं बसवल्यावर पाचशे किलोमीटरनी मिस्त्रीकडे परत जा.

इथे थांबतो. ज्यांनी गॅरेजात काम केलंय त्यांनी आधी बोलावं, मग बाकीचे प्रश्न घेऊ.