जन्मतारीख नसलेल्यांचे वाढदिवस

समीक्षेच्या वर्गात 'थीम' या शब्दाला आपण 'आशयसूत्र' म्हणतो. गेल्या काही वर्षांत हाच शब्द वर्धा, हिंगणघाट, आर्वी अशा गावांतल्या घराघरांत रुळला आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाचा वाढदिवस घरी करायचा, तर आधी थीम ठरते. जंगल, समुद्र, अवकाश, नाहीतर छोटा भीम. मग त्या बेताने फुगे, मागचा पडदा, केकवरची चित्रे, पाहुण्या मुलांच्या टोप्या आणि जाताना त्यांच्या हाती द्यायच्या भेटवस्तू. या प्रकाराकडे पाहून वडीलधारी माणसे सहसा म्हणतात, "आमच्या वेळी वाढदिवस साधे होते." या उद्गारात एक गृहीतक आहे. वाढदिवस हा जुना घरगुती संस्कार असून थीम हे त्यावर अलीकडे चढलेले बाजारी लेणे आहे, असे ते गृहीतक. इतिहासात डोकावले तर क्रम उलटा दिसतो. आपल्या भागात मुलांच्या सोहळ्यांतले आशयसूत्र जुने आहे. एकेका मुलाचा वाढदिवस मात्र त्या मानाने अगदी नवा आहे.

शास्त्रग्रंथांत जन्मदिनाचा विधी नव्हता असे नाही. 'वर्धापन' किंवा 'अब्दपूर्ती' या नावांनी तो ओळखला जातो. जन्मतिथीला मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम या चिरंजीवांचे स्मरण करायचे आणि तीळ-गूळ घातलेले दूध प्राशन करायचे, असे त्याचे स्वरूप. विधीचा रोख आयुष्यवृद्धीकडे आहे, मुलाच्या मौजेकडे नाही. शिवाय त्यासाठी तिथी नेमकी ठाऊक हवी, म्हणजे घरात पंचांग हवे, पत्रिका मांडणारा हवा. बहुसंख्य घरांत यांपैकी काहीच नव्हते. 'वर्धापनदिन' हा शब्द आज आपण संस्थांसाठी आणि नियतकालिकांसाठी वापरतो, मुलांसाठी वापरत नाही, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

मग ज्यांची तिथी कोणी लिहून ठेवली नाही त्या मुलांचे काय? त्यांच्यासाठी एक वेगळेच पंचांग होते आणि ते आयांच्या हाती होते. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लागे. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती. शुक्रवारी आई लेकरांना ओवाळी. लेकरू परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकी. श्रावणी अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, आई खीर-पुरीचे वाण डोक्यावर धरून विचारी, "अतिथी कोण?" मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगून ते वाण घेई. विदर्भात हाच दिवस पोळ्याचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आदल्या दिवशी बापाने खरे बैल सजवून मिरवलेले असतात, आज मुलगा चाकांवरचा लाकडी बैल सजवून दारोदार नेतो आणि बोजारा घेऊन परततो. या प्रथेचा आरंभ नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांपर्यंत नेला जातो. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) या गावाचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे, आणि तिथले काही लाकडी नंदी इतके थोर असतात की त्यांना 'तान्हा' म्हणताना हसू यावे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून मुलींची भुलाबाई बसे. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ. कोजागरीला 'आश्विनी', म्हणजे घरातल्या ज्येष्ठ अपत्याचे औक्षण. आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, तान्ह्या मुलाचे बोरन्हाण.

आजच्या थीम पार्टीचा पूर्वज शोधायचा तर तो या बोरन्हाणात सापडतो. पोशाख ठरलेला: काळे झबले. दागिने ठरलेले: हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. पात्र ठरलेले: बाळकृष्ण, मुलगी असेल तर राधा. खाऊही ठरलेला: बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या. सगळे एकत्र करून पाटावरच्या बाळाच्या डोक्यावरून ओतायचे आणि भोवती जमलेल्या मुलांनी ते लुटायचे. रंग, वेश, खाऊ आणि खेळ एकाच सूत्रात गुंफणारा हा घरगुती समारंभ आहे. फरक इतकाच की ते सूत्र दुकानातून येत नसे. माघातल्या शेतात जे पिकलेले असे तेच बाळाच्या डोक्यावरून ओघळे.

या सगळ्या दिवसांत एक समान गोष्ट आहे. त्यांपैकी एकही दिवस एकट्या मुलाचा नाही. जिवती घरातल्या सगळ्या लेकरांची, पिठोरी सगळ्यांची, तान्हा पोळा आख्ख्या गावच्या पोरांचा. आश्विनी ज्येष्ठाची असली तरी ती गावातल्या सगळ्याच ज्येष्ठांची, एकाच रात्री. बोरन्हाणात मधोमध एक बाळ बसते खरे, पण पदरी पडते ते इतरांच्या. याला समाजाचे भोळे सामूहिकपण म्हणून मोकळे होता येणार नाही. त्यामागे भीतीही होती. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांताने १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ तीन-चार वर्षांच्या अंतराने पाहिले, १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ पाहिली. अशा काळात मूल पाच वर्षांचे होणे हीच मोठी गोष्ट. मूल जगावे म्हणून त्याचे नाव धोंडू, दगडू, उकिरडा ठेवणारी आई त्याचा दिवस एकट्याने वेगळा काढून गावाला दाखवील, हे संभवत नाही. दृष्ट लागायचीच तर ती सगळ्यांत वाटली जावी, असा काहीसा हिशोब या सामूहिक दिवसांमागे असावा असे मला वाटते.

एकेका मुलाला स्वतःची तारीख मिळाली ती नोंदवहीमुळे. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर नोंदवी. आज जातपडताळणीसाठी ज्या 'कोतवाल बुकाच्या' नकला लोक तहसिलीतून काढून आणतात, ते हेच. त्यातल्या कित्येक नोंदींत बापाचे नाव असते, जात असते, तारीख असते आणि पुढे एवढेच की मुलगा झाला किंवा मुलगी झाली. मुलाचे नाव नसते, कारण बारसे व्हायचे असते. म्हणजे तारीख होती, पण ती कुणाची हे त्या वहीला ठाऊक नव्हते. पुढे हेच मूल शाळेत आले की गुरुजींच्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव येई आणि तारीख हरवे. आई सांगे, "पोळ्याच्या आधी दोन दिवस झाला", "पूर आला त्या साली". गुरुजी हाताने विरुद्ध बाजूच्या कानाला स्पर्श करायला लावून वय ठरवीत आणि सोयीची तारीख घालीत. महाराष्ट्रात लाखो लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो तो यामुळे. आईने सांगितलेल्या तारखेत ऋतू होता, पाऊस होता, सण होता. गुरुजींच्या तारखेत शाळेचे नवे वर्ष होते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही १ जून अनोळखी नाही. शरणकुमार लिंबाळे यांची जन्मतारीख १ जून १९५६ अशी नोंदली जाते, लक्ष्मण माने यांची १ जून १९४९. प्रत्येक नोंदीमागे काय घडले ते निरनिराळे असेल. पण 'उपरा' (१९८०) आणि 'अक्करमाशी' (१९८४) ही आत्मकथने वर्गात शिकवताना लेखकपरिचयातल्या त्या तारखेवरून आपण सहज पुढे सरकतो, तिथे क्षणभर थांबायला हवे. आत्मचरित्राचा आरंभ 'माझा जन्म अमुक दिवशी झाला' या वाक्याने करता येणे हासुद्धा एक वारसा आहे. तो सर्वांना मिळालेला नाही.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, कारण देशातला एक फार मोठा वाढदिवस इथे अनेक वर्षे साजरा झाला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आपल्या जन्मदिनाचा गौरव व्हायचाच तर तो चरख्याचा व्हावा, अशी त्यांची भूमिका. म्हणून त्यांची जन्मतिथी, भाद्रपद वद्य द्वादशी, गुजरातीत 'रेंटिया बारस' आणि इतरत्र 'चरखा द्वादशी' झाली. त्या दिवशी सूत कातायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर वाढदिवसाची थीम चरखा होती, आणि पाहुण्यांना हात चालवल्याशिवाय त्यात भाग घेता येत नव्हता. २ ऑक्टोबर १९४४ रोजी, वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, सेवाग्रामात त्यांच्या हाती कस्तुरबा स्मारक निधी सोपवण्यात आला. ७५ वर्षांसाठी ७५ लाखांचा संकल्प होता, आणि निधी होता खेड्यांतल्या स्त्रिया व मुलांसाठी. दुसरीकडे १४ एप्रिल. पुण्यात १९२८ मध्ये जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेब आंबेडकरांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. आज विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत त्या दिवशी लहान मुलांच्या अंगावर नवे कपडे असतात, चौकात केक कापला जातो आणि रात्री रोषणाई असते. ज्यांच्या कित्येक पिढ्यांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने लिहिली, त्यांनी एक खात्रीची तारीख आपल्या सगळ्यांची म्हणून उचलली. त्या दिवशी मुलाला नवे कपडे घालणारी आई केवळ जयंती करत नाही; ती त्या मुलाचा वाढदिवसही करत असते.

म्हणूनच घरोघरच्या थीम पार्ट्यांकडे नाक मुरडून पाहणे मला पटत नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नोंद देशभर एकसारखी बंधनकारक केली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा आहे. बापाची तारीख १ जून आणि मुलीची २३ ऑगस्ट, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे, अशी घरे आपल्या अवतीभवती आहेत. तिथला बाप कर्ज काढूनसुद्धा त्या २३ ऑगस्टला फुग्यांची कमान उभी करतो, तेव्हा तो परक्यांचे अनुकरण करतो एवढेच म्हणून भागत नाही. घरातली पहिली खरी तारीख तो साजरी करत असतो.

जुने ते सारे सोने होते असेही नाही. तान्ह्या पोळ्याचा बैल केवढा, यात बापाच्या शेतीचा आकार दिसे. तो पोळा फार काळ मुलग्यांचाच राहिला. बोरन्हाणाला आळीतली मुले बोलवायची म्हणजे आपल्यातलीच. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये दलितांना खुले केले. घरातला पाट त्यानंतरही पुष्कळ वर्षे खुला झाला नाही. आजच्या वाढदिवसाला शाळेतल्या वर्गाची यादी घेऊन बोलावणे जाते, त्यात आडनावे पाहिली जात नसतील तर तो बोरन्हाणावर झालेला निःसंशय सुधार आहे.

तरीही जुन्या सोहळ्यांकडून घेण्यासारखे काही उरते, आणि त्यासाठी शब्दसुद्धा वर्ध्यातच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली. तिच्या अध्यापनपद्धतीचे नाव 'समवाय'. एक उद्योग मध्यभागी ठेवायचा आणि गणित, भाषा, भूगोल त्याच्याभोवती त्यातूनच उलगडायचे. कापूस हे सूत्र धरले तर मूल बोंड वेचते, सरकी मोजते, सूत कातते. समवायात सूत्र भिंतीवर टांगायचे नसते, ते मुलांच्या हातांत द्यायचे असते. बोरन्हाण आणि तान्हा पोळा या कसोटीला उतरतात: तिथे प्रत्येक मुलाला काही करायचे असते, लुटायचे, ओढायचे, सजवायचे, ओळखायचे. जंगलाची थीम घेऊन चार वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर फोटोसाठी तासभर उभे केले आणि बाकीची मुले खुर्च्यांवर वाट पाहत बसली, तर सजावट झाली, सूत्र लागले नाही. त्याच जंगलात पाहुण्या मुलांनी कागदाचे मुखवटे स्वतः रंगवले, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखला, आणि वाढदिवसाच्या मुलीने आपल्या हाताने तो वाटला, तर खर्च निम्मा होतो आणि भुलाबाईची परंपराही नकळत पाळली जाते.

केक कापताना सगळीकडे जे इंग्रजी गाणे म्हटले जाते, त्याची चालही मुळात एकट्या मुलासाठी नव्हती. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या भगिनींनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेले ते बालवर्गाचे सकाळचे अभिवादन होते, सगळ्या वर्गाने मिळून म्हणायचे. वाढदिवसाचे शब्द त्या चालीवर नंतर बसले आणि 'सगळ्यांना' या जागी एकाचे नाव आले. मुलाला स्वतःची तारीख मिळाली ही इतिहासाने केलेली भरपाई आहे. ती त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये. तिच्यासाठी थीम निवडताना मात्र पिठोरीच्या आईचा प्रश्न मनात असू द्यावा: अतिथी कोण? त्या प्रश्नाला घरातल्या प्रत्येक लेकराला 'मी' असे उत्तर देता येत होते.