साठ भागांवर पडदा पडला असता तर…

इतिहासाच्या अभ्यासकाने ‘जर-तर’च्या वाटेला जाऊ नये, असा संकेत आहे. तरीही मराठी मनाला हा खेळ नवा नाही. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी जरा बाजूने गेली असती तर काय झाले असते, या कल्पनेवर जयंत नारळीकरांनी एक विज्ञानकथाच रचली. अशा कल्पनेचा उपयोग केवळ करमणुकीपुरता नसतो. जे घडले नाही त्याचा विचार करू लागलो, की जे घडले ते कोणत्या कारणांनी घडले हे अधिक स्वच्छ दिसू लागते. प्रस्तुत लेखात असाच एक प्रश्न घ्यावयाचा आहे. तो रणांगणावरचा नाही, आपल्या घरातील दूरचित्रवाणी संचासमोरचा आहे. आणि त्याचा नायक आहे समुद्राच्या तळाशी अननसाच्या घरात राहणारा एक पिवळा, चौकोनी स्पंज.

‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ ही अमेरिकन व्यंगचित्रमालिका आपल्याकडील मुलांनाही ठाऊक आहे. तिचा जन्मदाता स्टीफन हिलेनबर्ग (१९६१-२०१८) हा मुळात शिक्षक होता, ही गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. हंबोल्ट स्टेट विद्यापीठातून १९८४ साली पदवी घेतल्यावर तो कॅलिफोर्नियातील डेना पॉइंट येथे, ऑरेंज काउंटी मरीन इन्स्टिट्यूटमध्ये, मुलांना समुद्रजीवशास्त्र शिकवू लागला. ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत अडकून राहणारे खेकडे, तारामासे, स्पंज हे त्याच्या जिव्हाळ्याचे विषय. ते विद्यार्थ्यांना समजावेत म्हणून त्याने स्वतः एक चित्रपुस्तिका काढली आणि तिच्यात माहिती सांगणारा सूत्रधार म्हणून एका स्पंजाची योजना केली. पुढे त्याने चित्रकलेची ओढ अनुसरून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये ॲनिमेशनचे शिक्षण घेतले. १९९२ साली ते पूर्ण झाले. ‘रॉकोज मॉडर्न लाइफ’ या मालिकेवर काम करताना त्याला आपला जुना स्पंज आठवला. निसर्गातल्या वेड्यावाकड्या स्पंजाला भांडी घासण्याच्या स्पंजाचा चौकोनी आकार मिळाला आणि १ मे १९९९ रोजी ही मालिका निकलोडियन वाहिनीवर प्रथम अवतरली.

मालिकेतील स्पंज एका खाणावळीत इमानेइतबारे काम करतो. त्याचा मालक पैशाला चिकटलेला एक खेकडा आहे; शेजारी कुरकुरा, मित्र मंदबुद्धीचा पण प्रेमळ. सामग्री एवढीच. परंतु त्या साधेपणात एक निर्मळ आनंद होता. मुले हसत, आणि त्यांच्या मागे बसलेले आईवडीलही हसत. २००४ सालच्या ऑक्टोबरपर्यंत तीन पर्वे मिळून साठ भाग प्रक्षेपित झाले. त्यानंतर १९ नोव्हेंबर २००४ रोजी याच पात्रांचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. सुमारे ३ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभर १४ कोटी डॉलरच्या आसपास उत्पन्न मिळवले.

आपल्या प्रश्नाचा फाटा याच ठिकाणी फुटतो. हिलेनबर्गच्या मनात हा चित्रपट म्हणजे मालिकेची सांगता होती. चांगली चाललेली गोष्ट रेटत नेली की तिची चव जाते, ती जाण्यापूर्वी थांबावे, अशी त्याची धारणा होती. मात्र मालिकेची मालकी वाहिनीकडे होती आणि वाहिनीला नवे भाग हवे होते. हिलेनबर्गने दैनंदिन सूत्रे खाली ठेवली. ती त्याचा सहकारी पॉल टिबिट याने उचलली आणि मे २००५ मध्ये चौथे पर्व सुरू झाले. हिलेनबर्ग सल्लामसलतीपुरता कार्यकारी निर्माता राहिला. त्याच्या इच्छेनुसार साठाव्या भागानंतर चित्रपट आणि चित्रपटानंतर पूर्णविराम असे झाले असते, तर?

प्रथम वाहिनीची बाजू पाहू. कारण तिला सरळ खलनायक ठरवणे सोपे असले तरी न्याय्य नाही. १९९१ साली निकलोडियनने स्वतःच्या व्यंगचित्रमालिका सुरू केल्या आणि त्यांच्या बळावर आपली ओळख घडवली. त्या पहिल्या पिढीतील ‘रगरॅट्स’ ही मालिका २००४ सालीच संपली. ‘हे अर्नोल्ड’ आणि ‘द वाइल्ड थॉर्नबेरीज’ यांचाही शेवट त्याच वर्षी झाला. घरातले जुने, मिळवते हात एकाच वर्षी निवृत्त व्हावेत आणि उरलेल्या कर्त्या मुलानेही ‘मी थांबतो’ म्हणावे, तसा हा प्रसंग होता. जाहिराती, केबलची वर्गणी, आणि पात्रांची चित्रे छापलेली दप्तरे, खेळणी, कपडे यांवर अशा वाहिनीचा संसार चालतो. त्या संसाराचा आधार एकाएकी काढून घेण्यास कोणताही व्यवस्थापक सहजी तयार झाला नसता.

परंतु वाहिनीची भीती कितपत खरी होती? याचे उत्तर तिच्याच दप्तरात सापडते. ‘रगरॅट्स’चे ६५ भाग झाल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिची निर्मिती थांबवण्यात आली होती. नवे काही येत नव्हते, तरी पुनःप्रक्षेपणातून तिची लोकप्रियता वाढतच गेली; इतकी, की ती पुन्हा सुरू करावी लागली. १९९८ साली तिच्यावर निघालेल्या चित्रपटाने अमेरिकेतच दहा कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि डिस्नेबाहेरच्या कोणत्याही व्यंगचित्रपटाला तोवर ते साधले नव्हते. खुद्द स्पंजबॉबची निर्मितीही चित्रपटाच्या कामासाठी २००२ साली थांबलीच होती. त्या काळात नवे भाग जपून, विरळपणे दाखवले गेले. मुलांचे प्रेम तसूभरही कमी झाले नाही. बालप्रेक्षकांची गोष्ट निराळी असते. दर चार-पाच वर्षांनी मुलांची नवी फळी संचासमोर येऊन बसते आणि तिच्यासाठी प्रत्येक जुना भाग नवाच असतो. आजीची एकच गोष्ट शंभरदा ऐकणारे मूल ‘पुढचे पर्व कधी?’ असे विचारत नाही. तेव्हा साठ भागांवर पडदा पडला असता, तरी स्पंज मुलांच्या मनातून पुसला गेला नसता, असे म्हणण्यास आधार आहे.

मग बदलले काय असते? माझ्या मते पहिला बदल वाहिनीच्या शोधक वृत्तीत झाला असता. हमखास उत्पन्नाचे एक झाड अंगणात असले की नवी रोपे लावण्याची निकड उरत नाही. याचे एक बोलके उदाहरण घडलेल्या इतिहासातच आहे. पेंडलटन वॉर्ड या तरुण चित्रकाराचा ‘ॲडव्हेंचर टाइम’ हा लघुपट निकलोडियनसाठी चाललेल्या एका उपक्रमातच तयार झाला होता. परंतु त्याची मालिका करण्याचे वाहिनीने नाकारले. ती कार्टून नेटवर्कने घेतली. २०१० ते २०१८ एवढा काळ ती चालली आणि त्या दशकातील व्यंगचित्रकलेला तिने नवे वळण दिले. अंगण मोकळे असते तर हे रोप निकलोडियनने दारातून परत पाठवले असते काय? निश्चित सांगता येत नाही; पण रिकामी जागा माणसाला अधिक लक्षपूर्वक ऐकायला लावते, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे.

दुसरा बदल अधिक खोलवरचा आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये, स्पंजबॉबच्या चित्रपटानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, त्याच वाहिनीवर ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ सुरू झाली. आरंभ, मध्य आणि अंत असलेली ही सलग कथा ६१ भागांत, २००८ सालच्या जुलैत पूर्ण झाली. पुढे त्याच विश्वातली दुसरी मालिका आली; पण मूळ कथा आपल्या जागी पूर्ण राहिली. २०२० साली ती नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा जुन्यांबरोबर नव्या प्रेक्षकांनीही तिचे भरभरून स्वागत केले. एकाच घरात एकाच वेळी दोन आदर्श नांदत होते: एक कथा जिला शेवट होता आणि एक कथा जिचा शेवट नाकारला गेला होता. धंद्याच्या जगाने धडा घेतला तो दुसऱ्या आदर्शापासून. स्पंजबॉबही साठ भागांवर थांबला असता, तर वाहिनीच्या दोन सर्वांत गाजलेल्या मालिका निर्मात्यांच्या इच्छेनुसार पूर्ण झाल्या असत्या, आणि ‘लोकप्रिय मालिका थांबवता येते’ हा पायंडा पडला असता. २०१६ साली ॲलेक्स हर्श याने डिस्नेसाठी केलेली ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ ही मालिका ४० भागांवर आपण होऊन संपवली, तेव्हा लोकांना त्याचे नवल वाटले. त्या पायंड्यानंतर कदाचित वाटले नसते.

तिसरा बदल माणसांचा. येथे मात्र कल्पनेला आवर घालणे भाग आहे. स्पंजबॉबच्या पहिल्या पर्वांवर काम केलेली मंडळी एरवीही पांगलीच. डॅन पोव्हनमायरने डिस्नेसाठी ‘फिनिअस अँड फर्ब’ची सहनिर्मिती केली, सी. एच. ग्रीनब्लाटने कार्टून नेटवर्कसाठी ‘चाउडर’ घडवली. दोन्ही मालिका २००७ सालच्या. गुणी माणसे बांधून ठेवता येत नाहीत आणि चांगल्या शाळेचे विद्यार्थी जिकडे जातात तिकडे तिचा संस्कार नेतात. या बाबतीत इतिहासाने फारसे निराळे वळण घेतले नसते.

नाण्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. मालिका थांबली असती तर शेकडो चित्रकारांचे, लेखकांचे आणि तंत्रज्ञांचे वर्षानुवर्षांचे काम उभे राहिले नसते. टॉम केनी याने ज्या आवाजाला जीव दिला, तो आवाज नव्या पिढीला नव्या प्रसंगांत ऐकू आला नसता. २०१५ सालचा दुसरा चित्रपट निघाला नसता. आणि त्याच्या कथेत खुद्द हिलेनबर्गचा हात होता. ज्याने ‘थांबा’ म्हटले होते, तोच आपल्या मानसपुत्राकडे परत आला. निर्मात्याचे मनही काही दगडावरची रेघ नसते. तेव्हा २००४ चा निर्णय सर्वस्वी अनिष्ट होता, असा निवाडा देण्याचे धाडस मी करणार नाही.

तथापि, पुढे जे घडले त्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही. एका मालिकेवर विसंबण्याची सवय जडली, की ती सुटत नाही. २०११ च्या अखेरीस निकलोडियनच्या प्रेक्षकसंख्येत मोठी घसरण झाली, तेव्हा त्या सवयीचे मोल दिसू लागले. हिलेनबर्गला स्नायूंची शक्ती हरपत नेणाऱ्या ‘एएलएस’ या व्याधीने ग्रासले असल्याचे २०१७ साली जाहीर झाले आणि २६ नोव्हेंबर २०१८ रोजी, ५७ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांत, २०२१ साली, स्पंजबॉबच्या बालपणावर एक आणि त्याच्या तारामाशा मित्रावर एक, अशा दोन उपमालिका निघाल्या. पात्रांना लहान मुले करून दाखवण्याची कल्पना हिलेनबर्गला रुचली नसती, असे त्याच्या निकटच्या सहकाऱ्यांनीच बोलून दाखवले होते. मूळ मालिकेचे भाग तर तीनशेच्या पुढे गेले. जिवंतपणी ज्याच्या पूर्णविरामाचा स्वल्पविराम झाला, त्याच्या पश्चात तो पूर्णविराम कोण देणार?

हा प्रश्न एकट्या अमेरिकेचा नाही. आपल्या मुलांचा लाडका ‘डोरेमॉन’ घ्या. त्याचा जनक हिरोशी फुजिमोतो १९९६ साली वारला. मालिका आजही चालू आहे. निकलोडियन भारतात १९९९ साली आली. २०१२ पासून त्या वाहिनीवर ‘मोटू पतलू’ सुरू झाले आणि मुंबईत घडणाऱ्या त्या मालिकेचे भाग दिवसातून किती वेळा लागतात, हे घरातल्या आजीआजोबांना कुणी सांगायला नको. हमखास चालणारे तेच पुन्हा वाढावे, हे तंत्र सर्वत्र एकच आहे.

म्हणून या ‘जर-तर’चे माझे उत्तर थोडक्यात असे: साठ भागांवर पडदा पडता, तर स्पंज टिकला असता, वाहिनी काही काळ चाचपडली असती, आणि दूरचित्रवाणीला एक अवघड पण आवश्यक गोष्ट लवकर शिकता आली असती. ती ही, की गोष्ट सांगणाऱ्याला ती संपवण्याचाही अधिकार असतो. मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. रात्री अंथरुणावर सांगितलेली गोष्ट संपते, म्हणून मूल डोळे मिटते; राहिलेला भाग स्वप्नात स्वतः रचते. न संपणारी मालिका मुलाला तेवढीही उसंत देत नाही.

वाहिनी आता थांबणार नाही. बटण मात्र अजून आपल्याच घरात आहे. कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी मुलांबरोबर त्या पहिल्या साठांपैकी एक भाग पाहावा, मनमुराद हसावे, आणि तो संपला की संच बंद करून ‘पुढे काय झाले असेल?’ असे मुलांनाच विचारावे. डेना पॉइंटच्या त्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्यांदा स्पंज काढला, तेव्हा त्यालाही एवढेच हवे होते: मुलांनी पुस्तिका मिटावी आणि डबक्यात वाकून स्वतः पाहावे.