गुलामांच्या घामावाचूनची साखर

पॅनकेकवर ओघळणारी मेपल सिरपची धार आपण रिल्समध्ये शेकडो वेळा पाहिलेली असते. एकेकाळी काही लोकांना वाटत होतं, की या झाडाचा रस गुलामगिरी मोडून काढेल.

त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या परिसरात अनिशिनाबे आणि इतर मूळ रहिवासी हा रस गोळा करत होते. हिवाळा सरताना रात्री पारा शून्याखाली जातो, दिवसा वर येतो. त्यामुळे झाडाच्या आत दाब तयार होतो आणि खोडाला छेद दिला की रस ठिबकू लागतो. दिसायला पाणीच, साखर जेमतेम 2 टक्के. सुमारे 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर सिरप मिळतं. आपल्या गुऱ्हाळातली काकवी अशीच होते, पण उसाचा रस मुळातच कितीतरी गोड असतो. अनिशिनाबे लोक सिरपवर न थांबता पुढे आटवून साखरच करायचे, कारण ती टिकते. भूर्जाच्या सालीच्या डब्यांत ती भरून ठेवायची आणि वर्षभर मासे, मांस, रानतांदूळ यांच्यासोबत खायची. एप्रिलच्या आसपासच्या चांद्रमासाचं त्यांच्या भाषेतलं नावच मुळी 'रस आटवण्याचा महिना' असं आहे.

अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या चहात पडणारी साखर यायची ती कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून. राबायचे ते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. 1791मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी थॉमस जेफरसनना पत्र लिहून मेपलची बाजू मांडली. शेतकरी कुटुंबं घरच्या घरी ही साखर करतील, मग गुलामांच्या साखरेची गरज उरणार नाही, असा हिशोब. जेफरसनना कल्पना पसंत पडली. त्यांनी मॉन्टिसेलोच्या आपल्या मळ्यात मेपलची रोपं लावली, बहुतेक मेली. त्या मळ्यातली कामंही गुलामच करत होते! आणि ज्या जंगलांच्या भरवशावर हा हिशोब मांडला जात होता, ती मूळ रहिवाशांच्या हातून निसटत चालली होती.

तरीही उत्तरेकडचे गुलामगिरीविरोधी लोक यादवी युद्धापर्यंत मेपलच्या साखरेचा आग्रह धरत राहिले. पुढे उसाची साखर इतकी स्वस्त झाली, की मेपलची साखर किमतीत टिकेना. मग उत्पादक साखरेच्या अलीकडेच, सिरपवर थांबू लागले. आज आपल्याला ओळखीचं असलेलं मेपलचं रूप त्या हरलेल्या स्पर्धेतून आलंय.

स्वयंपाकात मात्र त्याची भरभराट झाली. जगातलं जवळपास 70 टक्के मेपल सिरप कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात होतं. तिथे वसंतात लोक जंगलातल्या रस आटवण्याच्या झोपड्यांवर जेवायला जातात. अंडी, हॅम, घेवडा, सगळ्यावर सिरप. जास्त आटवलेलं सिरप ताज्या बर्फावर ओततात आणि घट्ट झालं की काडीला गुंडाळून चघळतात. 1929नंतरच्या मंदीतलं 'बेरोजगारांचं पुडिंग' आधी साध्या तपकिरी साखरेचं असायचं, आता त्यात सर्रास मेपल असतं. हंगामाच्या सुरुवातीचं फिकं सिरप नुसतं खायला छान. शेवटचं गडद सिरप भाजलेल्या भोपळ्याला किंवा केकला जास्त शोभतं. क्यूबेकच्या राखीव साठ्यातून 2011-12मध्ये सुमारे 3,000 टन सिरप चोरीला गेलं. किंमत 1.8 कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर!

स्वस्त पर्याय इथेही आलेच. 'पॅनकेक सिरप' नावाच्या बहुतेक बाटल्यांत मक्याचं सिरप आणि मेपलचा वास असतो. हा वास बऱ्याचदा आपल्या मेथीदाण्यापासून येतो, कारण मेथीतल्या सोटोलोन या द्रव्याचा गंध मेपल सिरपसारखा असतो. 2005पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून मेपलचा गूढ वास पसरायचा. 2009मध्ये त्याचा उगम सापडला: शेजारच्या न्यू जर्सीतला, मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणारा कारखाना.

रश यांचं गणित चुकलं, पण साखर कुणाच्या घामाची, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडहून बिऱ्हाडं पाठीवर घेऊन ऊसतोडीला निघणारी माणसं ज्या राज्यात आहेत, तिथे तर तो विचारायलाच हवा.