घरी ठेवायचे की पाठवायचे? : टाळेबंदीतील एका प्रश्नाचा इतिहास

मराठीत आपण मुलाला शाळेत ‘घालतो’ आणि घरी ‘ठेवतो’. घालणे हे एका दिवसाचे काम आहे. नाव नोंदवले, दप्तर आणले, की झाले. ठेवणे मात्र रोजचे असते. ज्या मुलाची वाढ इतरांसारखी झाली नाही, त्याच्या बाबतीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हे दुसरेच क्रियापद चालत आले. ‘त्याला घरीच ठेवलंय’ एवढे म्हटले, की ऐकणारा पुढचे काही विचारीत नसे. मार्च २०२० मध्ये सगळ्यांचीच मुले घरी ठेवली गेली, तेव्हा या जुन्या वाक्याला काही काळ अर्थच उरला नाही. पण तो काळ सरल्यावर, आता पाठवायचे की ठेवायचे, हा प्रश्न त्याच घरांत पुन्हा आला, आणि या वेळी उत्तर आईबापांकडून लेखी मागितले गेले. त्या कागदापर्यंतची हकीकत येथे सांगायची आहे.

मुलाला घरी ठेवणे हा कुटुंबाचा खाजगी निर्णय असतो, अशी आपली समजूत आहे. इतिहास काही निराळे दाखवतो. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याखाली काही मुलांना ‘शिकविण्यास अपात्र’ ठरवून शाळेच्या हजेरीपटाबाहेर काढता येत असे. त्यांचा कारभार शिक्षण खात्याकडून आरोग्य खात्याकडे जाई. १९७० मध्ये नवा कायदा झाला, एप्रिल १९७१ पासून तो अंमलात आला, आणि तेव्हा कोठे त्या देशातले प्रत्येक मूल शाळेचे झाले. आपल्याकडे मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी’ स्थापन केली, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला, मालिनीला, मेंदूचा पक्षाघात होता. कायदा त्यामानाने उशिरा आला. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची गणना होती. २०१६ च्या कायद्यात ती एकवीसवर गेली, आणि त्याच्या कलम ३१ ने सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला.

मधल्या काळात एक छोटी दुरुस्ती झाली, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये बदल करून, तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय देण्यात आला. हेतू चांगला होता. पण ‘याला घरीच शिकवा ना’ असे म्हणायला शाळांना हा आयता आधार मिळेल, ही शंका चळवळीतल्या लोकांनी त्याच वेळी बोलून दाखवली होती. ती शंका मला रास्त वाटते. मुलासाठी म्हणून उघडलेले दार मुलाला बाहेर काढण्यासाठीही वापरता येते.

आता २०२० कडे येऊ. येथे पुन्हा थोडे इंग्लंडचे सांगावे लागेल, कारण तिथे जे घडले ते आपल्याकडच्या नेमके उलट होते. २० मार्च रोजी तिथल्या शाळा बंद झाल्या, पण दोन प्रकारच्या मुलांसाठी त्या उघड्या राहिल्या. एक, ज्यांचे आईबाप दवाखाने, दळणवळण अशा निकडीच्या कामांवर होते ती. आणि दुसरी, ज्यांची परिस्थिती नाजूक होती ती. ज्या मुलांच्या शिक्षणाची, आरोग्याची आणि देखभालीची सरकारी योजना कागदोपत्री ठरलेली होती, ती या दुसऱ्या प्रकारात आली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना ‘अपात्र’ म्हणून दाराबाहेर ठेवले जाई, नेमक्या तशाच मुलांसाठी आता दार उघडे होते आणि बाकी सारी घरी होती! जोखीम पाहून, शाळेशी बोलून ठरवा, असे पालकांना सांगण्यात आले. हजेरीची सक्ती नव्हती.

किती मुले गेली? पहिल्या काही आठवड्यांत या नाजूक गटातली वीसांत एखादेच. दार उघडे असूनही आईबापांनी मुले घरी का ठेवली, हे समजून घेण्यासारखे आहे. मुलाला मुखपट्टी सहन होत नाही, अंतर ठेवणे कळत नाही, भरवायला आणि स्वच्छ करायला माणूस जवळ लागतो. नेहमीच्या बाई रजेवर, वर्गातली मुले वेगळी, बस निराळी. ज्या मुलाचा जीव ठरल्या क्रमात असतो, त्याला अशी शाळा म्हणजे परके घर. त्यात भीतीही निराधार नव्हती. दवाखान्यात खाटा कमी पडल्या तर कोणाला वाचवायचे, याविषयीच्या तिथल्या पहिल्या मार्गदर्शनात परावलंबित्वाचे मोजमाप होते. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्यांना ते लावू नये, ही दुरुस्ती आरडाओरडा झाल्यावर २५ मार्चला करावी लागली. पुढे नोव्हेंबरात सरकारी पाहणीच प्रसिद्ध झाली: बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे कोरोनाने मरण्याचे प्रमाण, वय आणि लिंग जमेस धरूनही, इतरांच्या चार ते सहा पट. त्यात बहुतेक प्रौढ होते हे खरे. पण मार्चमध्ये आईला हा हिशेब कोण सांगणार होते?

घरी ठेवण्याची किंमतही होतीच. व्यायामासाठी दिवसातून एकदाच बाहेर पडावे, हा नियम स्वमग्न मुलांच्या घरांना जाचक ठरला. कायदेशीर आव्हानानंतर ८ एप्रिलला तो अशांपुरता सैल झाला. पण मे ते जुलै हे तीन महिने, त्या योजनेत लिहिलेले उपचार आणि साहाय्य पुरवण्याचे बंधन कायद्यानेच ‘शक्य तेवढा प्रयत्न’ इथवर खाली आणले. म्हणजे पाठवले तरी पूर्वीचे मिळेल याची खात्री नाही, ठेवले तर काहीच नाही.

आपल्याकडे २५ मार्चपासून हा प्रश्नच नव्हता. दार सर्वांना बंद. दिव्यांगांच्या मदतनिसांना ये-जा करू द्यावी, अशी मार्गदर्शक सूचना केंद्राच्या खात्याने २६ मार्चला काढली. शाळेला पर्याय काय, ते त्यात नव्हते. निवासी शाळांतली मुले घरी परतली, आणि कित्येक घरांत वर्षातून दोनदा सुट्टीला येणारे मूल बारा महिन्यांचे झाले. २९ जुलैला नवे शैक्षणिक धोरण आले. तीव्र अपंगत्वाच्या मुलांना घरबसल्या शिक्षणाचा पर्याय चालू राहील, असे त्यात म्हटले होते. त्या दिवशी देशातली सगळीच मुले घरबसल्या होती.

सीमाभागात या कोंडीला आणखी एक कुलूप होते. चंदगडच्या माणसाला दवाखाना बेळगावचा, बेळगावच्या कित्येकांना मिरज-कोल्हापूरचा. फिटच्या गोळ्या, हातापायांचे व्यायाम, बोलण्याचा सराव यांसाठी जी ये-जा आपण सहज करीत होतो, तिच्यामध्ये शिनोळी आणि कोगनोळी उभी राहिली. आधी सेवासिंधूचा पास, नंतर फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून येणाऱ्याला बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआरचा दाखला. नाकात काडी घालू न देणाऱ्या मुलाला घेऊन नाक्यावर जायचे, की व्यायाम चुकवून पाय आखडू द्यायचे? हाही ‘ठेवायचे की न्यायचे’ हाच प्रश्न.

भाषेचेही तसेच. बोलण्यात मागे असलेल्या मुलाशी घरात एकच भाषा बोला, असा सल्ला आपल्याकडच्या पालकांनी अनेकदा ऐकलेला असतो. दोन भाषांमुळे अशा मुलांचे बोलणे आणखी मागे पडते, याला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. तरी सल्ला टिकून आहे. टाळेबंदीत चंदना वाहिनीवर कन्नड पाठ होते, सह्याद्रीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ होती. मूल आजीच्या मराठीत राहिले. गल्लीतली आणि बाईंची कन्नड, जी कानावर पडूनच यायची, ती दीड वर्ष पडलीच नाही.

आणि मग तो कागद आला. ५ ऑक्टोबर २०२० च्या केंद्रीय सूचनांत स्पष्ट होते: पालकांच्या लेखी संमतीशिवाय विद्यार्थ्याने शाळेत यायचे नाही. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून, कर्नाटकात दहावी-बारावीचे १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले. उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेत पुन्हा सारे बंद. कर्नाटकातल्या पहिली ते पाचवीला २५ ऑक्टोबर २०२१ पर्यंत थांबावे लागले, महाराष्ट्रातल्या पहिली ते चौथीला १ डिसेंबरपर्यंत.

ज्याचे मूल धडधाकट, त्याने त्या संमतीपत्रावर फारसा विचार न करता सही केली. दुसऱ्या घरांत तो कागद दिवसेंदिवस टेबलावर पडून राहिला. सही केली आणि मूल आजारी पडले, तर ‘तुम्हीच पाठवलंत’. नाही केली, तर मूल घरी राहिले ते तुमच्या मर्जीने; शाळेवर बोल नाही. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याही जिवाची जोखीम त्याच सहीत. लस वयाप्रमाणे आली: पंधरा ते अठरा वयाच्यांना ३ जानेवारी २०२२ पासून, बारा ते चौदाच्यांना १६ मार्चपासून. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमतेची नोंद असलेल्या प्रौढांना फेब्रुवारी २०२१ मध्येच रांगेत पुढे घेतले होते.

कलम ३१ मधला आकडा अठराचाच आहे. मार्च २०२० मध्ये सोळा वर्षांचा असलेला मुलगा शाळा नीट उघडेपर्यंत अठरा ओलांडून गेला, आणि त्याच्या आईला संमतीपत्र कोणी पाठवलेच नाही.