लाकडाचा सांधा आणि सुताचा वेढा

वाद्यांच्या इतिहासात वादकांची नावे राहतात, कारागिरांची पुसली जातात, आणि सांध्यांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. सातारा-सांगली भागात वरातीत वाजणारी लाकडी क्लॅरिओनेट मात्र सांध्यांवरच उभी असते. मुखनळीपासून कर्ण्यापर्यंत तिचे पाच तुकडे असतात व ते चार ठिकाणी एकमेकांत बसतात. एकाची कूस दुसऱ्याच्या खाचेत जाते. पावसाळ्यात कूस फुगून अडकते, जोर लावला जातो आणि वडिलोपार्जित वाद्य क्षणात तडकते. हे टाळण्याची युक्ती वाद्याच्या इतिहासातच आहे.

न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने सुमारे १७०० साली हे वाद्य घडविले, असे मानतात. त्या काळच्या क्लॅरिओनेट बहुधा बॉक्सवुड या पिवळसर, टणक लाकडाच्या असत. खाचेच्या तोंडाशी हस्तिदंताचे कडे बसवीत. ते केवळ शोभेचे नव्हते, आतून दाब आला तरी लाकूड उकलू नये म्हणून होते. कुसेवर सुताचे वेढे घालीत. सांधा सैल झाला तर दोन वेढे वाढवावेत, घट्ट झाला तर दोन काढावेत. लाकडाला धक्का लावण्याचे कारणच पडत नसे. एकोणिसाव्या शतकात सुताच्या जागी बूच रूढ झाले, आणि बॉक्सवुडच्या जागी पूर्व आफ्रिकेतील काळे लाकूड आले. ते आपल्या शिसवीच्याच कुळातले.

इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर हे वाद्य आपल्याकडे आले. संस्थानिकांनीही बँड उभे केले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेल्या अनेक वादकांना अशा बँडमध्ये चाकरी मिळाली. पुढे ते लग्नकार्यात पोहोचले आणि दुरुस्तीचा भार वादकाच्या घरावर पडला.

आपल्या भागातील हवा लाकडाची परीक्षा पाहणारी आहे. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे त्याच्या सुमारे दहाव्या भागाइतका. ओलावा शोषून लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत वाढते. तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. म्हणून गोल कूस किंचित लंबगोल होते व एखाद्या बाजूने घासते. मिरजेचे तंतुवाद्य-कारागीर हे पूर्वापार ओळखतात. एकोणिसाव्या शतकातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेल्या त्या परंपरेतील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खुंटी निसटू लागली की तिला खडू लावतात; तासणीला हात घालण्याची घाई तेथे नसते.

क्लॅरिओनेटच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. सांधा अडकला तर चाव्यांवर जोर देऊ नये. दोन्ही तुकडे सांध्याजवळ धरून हलके मागेपुढे फिरवावेत. तरीही न सुटल्यास वाद्य कोरड्या सावलीत एक-दोन दिवस ठेवावे. ऊन वा चूल मुळीच दाखवू नये, कारण एकाएकी सुकलेले लाकूड चिरते. सुटल्यावर कूस व खाच कोरड्या फडक्याने पुसून जुने, चिकट झालेले वंगण काढावे. मग नीट पाहावे की घासते ते काय? बूच घासत असेल तर त्यावर बुचाचे वंगण पातळ लावावे. एवढ्याने भागले नाही तर बारीक पॉलिशपेपरची पट्टी बुचाभोवती धरून सगळीकडून सारखे, अगदी थोडे घासावे आणि दर खेपेस जोडून पाहावे. सूत असेल तर वेढे कमी करावेत; नवे सूत आवळून भरू नये, त्याच्या दाबाने वर्षानुवर्षांत कूस आत दबते. मधला सांधा जोडताना वरच्या तुकड्याचे कडे दाबून दोहोंना जोडणारी चावी उचलून धरावी, म्हणजे ती वाकत नाही.

लाकडावरच चकाकणारा डाग दिसला तर मात्र थांबावे. लाकूड सुकल्यावर बहुधा प्रश्न आपोआप सुटतो. न सुटल्यास ते काम जाणत्या कारागिराचे. भर पावसात घट्ट वाटणारी कूस आज तासली, तर उन्हाळ्यात ती सैल पडेल आणि हवा निसटून सूर फुटेल. सूत परत गुंडाळता येते, बूच नवे बसवता येते. तासलेले लाकूड मात्र पुन्हा भरून येत नाही.